भेगेच्या पुढे बोटभर

१

"भेग दिसायची थांबते तिथे थांबू नकोस. बोटभर पुढे जा, आणि मग भोक पाड."

आप्पा दादाला हे शिकवायचे तेव्हा मी वर्कशॉपच्या कोपऱ्यात रबर कापत बसलेली असायची. शिकवणी दादाची होती, पाठ मात्र मलाही झालं. जुन्या स्कूटरच्या पत्र्याला भेग गेली की तिचं टोक डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे असतं, केसाहून बारीक. त्या खऱ्या टोकाला छोटंसं गोल भोक पाडलं की भेगेची धार मोडते आणि ती तिथेच मुकाट बसते. मग वेल्डिंग करायचं, खालून आधाराची पट्टी जोडायची, भोक लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचं आणि रंग द्यायचा. टोक चुकलं तर? "तर वरून रंगवलेलं पाप," आप्पा म्हणायचे. "आत चालूच राहतं."

खरं टोक शोधायची आमची रीत साधी. पत्रा घासून उघडा करायचा, त्यावर रॉकेल चोळायचं, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड भुरभुरायची. थोड्या वेळाने भेगेत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. नजरेला जिथे काही नव्हतं तिथेही उमटते. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. अजूनही थोडा वाटतो.

आई गेल्यापासून माझा एक नेम आहे. सकाळची प्रार्थना झाली की वर्कशॉपमध्ये दिवसाचा पहिला हातोडा पडेपर्यंत मी बोलत नाही. घराला त्याची सवय आहे. पूर्वी आप्पा बाहेर पडताना माझ्या डोक्यावर हात ठेवून जायचे. हल्ली नुसतेच पुढे निघून जातात. नेमात व्यत्यय नको म्हणून असेल, असं मी धरून चालले होते.

त्या सकाळीही आप्पा तसेच बाहेर निघून गेल्यावर मी पायरीवर मुकी बसले होते, आणि दारात टेम्पो येऊन थांबला. मागे टपालबाईंची स्कूटर आडवी बांधलेली.

टपालबाई म्हणजे आमच्या भागात दारोदार टपाल वाटणाऱ्या बाई. स्कूटर त्यांच्या नवऱ्याची. तो गेल्यावर लोक विका म्हणत होते. त्यांनी ती विकली नाही, चालवायला शिकल्या. नुकतीच ती आमच्याकडून दुरुस्त होऊन, फिकट हिरव्या रंगात न्हाऊन गेली होती.

"बाई दवाखान्यात आहेत," टेम्पोवाला उतरत म्हणाला. "उतारावर समोर हातगाडी आली, बाईंनी ब्रेक दाबला, तर पेडल पत्र्यासकट खाली गेलं. ब्रेक लागलाच नाही. पाय पार चिरडलाय. राहतो का काढावा लागतो, डॉक्टरांनाही सांगता येत नाही."

मी उठून जवळ गेले. पायाखालचा पत्रा, जिथे ब्रेकचं पेडल बसतं, तिथून फाटून लोंबत होता. नव्या हिरव्या रंगाला दातेरी तोंड फुटलं होतं. मी तोंडावर हात ठेवला. शब्द फुटला नाही, आणि तो नेमामुळे फुटला नाही असं नव्हतं.

टेम्पोतून टपालबाईंचा भाचाही उतरला. डोळे सुजलेले. "कुणी केलंय हे काम?" तो ओरडला. "कुणी केलं, त्याचं तोंड तरी बघू द्या मला!"

दादा आतून आला. त्याने फाटलेला पत्रा पाहिला. वाकला, खालून पाहिलं, आणि त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. मग हातातले कातड्याचे हातमोजे त्याने खिळ्याला अडकवले.

"मी केलंय," तो म्हणाला. "माझ्याच हातून झालंय. आजपासून मी पत्र्याला हात लावणार नाही."

त्या दिवशी त्याने हातोडा उचललाच नाही. शेवटी मीच उचलला आणि ऐरणीवर एक घाव घातला. मला बोलायचं होतं.

२

"दादा, काहीतरी चुकतंय," मी म्हटलं.

"चुकलंय. चुकतंय नाही." तो स्कूटरवर ताडपत्री टाकत होता. "आणि ऐक, आप्पांना यातलं काही सांगायचं नाही. बाई घसरून पडल्या, एवढंच."

"खोटं बोलू मी?"

"तू काही बोलू नकोस. तुला जमतं की ते."

टोमणा त्याच्या स्वभावातला नव्हता. मला तो लागला, आणि तो लागावा म्हणूनच मारला होता हेही कळलं. दादा मला त्या गाडीपासून लांब ठेवत होता.

वर्कशॉपच्या मागेच आमचं घर. दुपारी जेवताना दादाने आप्पांना सांगितलं, टपालबाई घसरल्या, पायाला लागलंय. आप्पांचा घास हातातच राहिला.

"गाडीला काही?"

"नाही."

"मग पाय बरा होईपर्यंत गाडी इथेच ठेव. आणि मला न्या एकदा त्यांना भेटायला." आप्पांनी पाण्याच्या भांड्यासाठी हात पुढे केला, ताटाची कड चाचपली, मग भांडं हाताला लागलं. "भली बाई आहे. गाडी नेताना माझ्या पाया पडायला निघाली होती. मी म्हटलं, पाया काय पडता, टपाल वेळेवर आणा."

ते हसले. दादा हसला नाही. माझं लक्ष आप्पांच्या चष्म्याकडे गेलं. काचांवर रंगाची आणि धुळीची साय जमली होती. एके काळी दिवसभर धोतराच्या टोकाने काचा पुसणारा माणूस! म्हातारपण, मी मनात म्हटलं, आणि ताटं उचलली.

जेवून दादा झोपायला गेला. तो दुपारी कधी झोपत नाही. मी ताडपत्री वर केली.

पहिला धाक मला माझाच होता. पेडल आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची जाड गादी लागते. ती नसेल तर पेडलचा प्रत्येक धक्का थेट पत्र्यात जातो आणि नवी भेग सुरू होते. ती गादी मी कापते, मी बसवते. देवाचं नाव घेत मी हात खाली घातला. गादी जागेवर होती, अखंड. नटांवर मी बसवताना पिवळ्या रंगाचा ठिपका देते, नट आणि पत्रा दोन्हीवर मिळून एक. नट कुणी हलवला तर ठिपका तुटतो. एकही तुटला नव्हता.

म्हणजे दुरुस्तीनंतर पेडलला कुणाचा हात लागलेला नव्हता. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग कडेकडे पाहिलं.

फाटलेल्या कडेला हिरव्या रंगाची पापडी निघाली होती. रंगाखाली अस्तर असतं. बॉडीच्या पत्र्याला आमच्याकडे राखाडी अस्तर लागतं. लाल फक्त खालच्या सांगाड्याला आणि स्टँडला. लाल अस्तरावर फिकट हिरवा मळकट दिसतो, म्हणून दादा बॉडीला लाल लावणं शक्यच नाही.

इथे अस्तर लाल होतं.

३

आमच्या रंगाऱ्याला सगळे फवारा म्हणतात. हातात रंगाची बंदूक असो वा नसो, तो बोलायला लागला की समोरचा भिजतो. तो दोन गल्ल्या पलीकडे एका कपाटाला रंग देत होता.

"ताई, मी? मी मारीन लाल?" त्याने बंदूकच खाली ठेवली. "हिरव्याखाली लाल? अहो, माझ्या बायकोने लाल साडीवर हिरवा पदर घेतला तरी मी दोन दिवस जेवत नाही!"

"मग कुणी मारलं?"

"दादाने. दुसरं कोण? मी आलो तेव्हा पत्रा लाल होऊन वाळत पडला होता. मी म्हटलं, असेल काही नवीन डोकं. मला फिकट हिरव्याचे दोन हात जास्त द्यावे लागले, पण कुणाला बोललो का? नाही."

"तू आलास तेव्हा दादा होता तिथे?"

फवारा थांबला. हे फार क्वचित होतं. "नाही बुवा. त्याची मोटारसायकल दारात नव्हती. पुलाजवळ कुणाची गाडी बंद पडली म्हणून सकाळीच गेला होता ना तो? मी वाट बघत बसलो. आप्पांनी चहा दिला. अर्धा कपात, अर्धा माझ्या पायावर. बघताय काय, हसा."

मी हसले नाही. "तुला वेल्डिंग येतं?"

"मला वेल्डिंग आलं असतं तर आयुष्यभर हवेत रंग उडवत बसलो असतो का?" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "ताई, बाईंचा पाय... माझ्या रंगाखाली फाटला का तो पत्रा? मी झाकला का तो?"

"तुला दिसण्यासारखं काही नव्हतं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

निघताना सहज विचारलं, "अस्तराचे डबे तूच आणतोस ना?"

"हो. नवे आणले त्याच आठवड्यात. फळीही आवरली मी, शाबासकी कुणी दिली नाही ते सोडा. लाल वर ठेवला, राखाडी खाली. पूर्वी उलटं होतं. राखाडी जास्त लागतो, वाकायला सोपा."

वाकायला सोपा कसा, हे मला समजलं नाही, पण फवाऱ्याची निम्मी वाक्यं अशीच असतात. मी परतले. वाटेत मात्र एकच गोष्ट पायात घोटाळत राहिली. दादा तिथे नव्हता. दादा नव्हता, आणि तरी तो म्हणत होता, माझ्याच हातून.

४

दवाखान्याच्या व्हरांड्यात भाचा बाकावर बसला होता. मला पाहताच उभा राहिला.

"आता काय समजूत घालायला आलात?"

"विचारायला आलेय. स्कूटर तुमच्याकडे किती दिवस होती?"

"आत्याकडे होती. माझ्याकडे कशाला असेल?"

"तुम्हाला जुन्या गाड्यांचा नाद आहे. ही तुम्ही मागत होतात त्यांच्याकडे, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागला. "म्हणजे गाडी मिळावी म्हणून मी आत्याचा ब्रेक काढला? ताई, तुमचा आवाज एवढा मऊ, आणि त्यातून काय काढताय तुम्ही!" तो खाली बसला. "मागत होतो. कारण ती गाडी आता आत्याला झेपत नव्हती. टपालाची भरलेली पिशवी पायाशी ठेवायची आणि खड्ड्यांतून हाणायची. पत्रा जाणारच होता कधीतरी. मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, मिस्त्रींनी शब्द दिलाय."

मी मान खाली घातली. नटांवरचे ठिपके अखंड होते. याने काही केलेलं नव्हतं हे मला आधीच माहीत होतं. तरी विचारावं लागलं, आणि विचारल्याची लाज वाटली. "माफ करा," मी म्हटलं. त्याने हाताने आत जा अशी खूण केली.

टपालबाई जाग्या होत्या. पाय चौकटीत टांगलेला, चेहरा मेणासारखा. पायाची बोटं चादरीबाहेर होती, काळीनिळी पडलेली.

"उद्या सकाळी ठरवणार आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ठेवायचा की नाही ते. तू रडू नकोस. माझ्यासमोर रडायला सध्या बंदी आहे, भाच्याने आधीच सगळा कोटा संपवलाय."

मी त्यांचा हात धरला. "बाई, गाडी नेली तो दिवस आठवतोय?"

"न आठवायला काय झालं. चार-पाच दिवसांनी नवीच होऊन उभी होती. मिस्त्री, तुझे आप्पा, दारात उभे होते. मी रस्त्यापलीकडून हात केला, त्यांनी ओळखच दाखवली नाही. मला वाटलं, रागावले की काय, उशीर झाला म्हणून. अगदी समोर जाऊन 'मिस्त्री' म्हटलं, तेव्हा कुठे हसले. मग स्कूटरवर हात ठेवून म्हणाले, या सांध्याला काही झालं तर तुम्ही माझ्याकडे यायचं नाही. मी तुमच्या दारी येईन. तसं ते सगळ्यांनाच म्हणतात, ना?"

"सगळ्यांनाच."

"पण मला खरं वाटलं होतं," टपालबाई म्हणाल्या. "अजून वाटतं. दादाला सांग, मी त्याच्यावर रागावले नाही. हातमोजे काढून ठेवलेत म्हणे त्याने. त्याला म्हणावं, पाय माझा मोडलाय, तुझे हात कशाला मोडून घेतोस?"

बाहेर आल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. रस्त्यापलीकडून केलेला हात. पायावर सांडलेला चहा. ताटाच्या कडेवरून चाचपत गेलेली बोटं. मला पुढचा विचार करायचा नव्हता. मी तो केला नाही. सरळ वर्कशॉपमध्ये गेले आणि रॉकेलचा डबा काढला.

५

पेडल दोन बोल्टांवर बसतं. भेगाही दोन होत्या, प्रत्येक बोल्टापासून एक. पुढची फाटली होती. मागची अजून शाबूत होती.

आधी फाटलेली कड भिंगातून पाहिली. वेल्डिंगचा सांधा तुटलेलाच नव्हता. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली ओळ, देखणी. अशी ओळ ओढणारे हात मला माहीत असलेल्या जगात चारच होते, दोन दादाचे आणि दोन आप्पांचे. ओळीच्या शेवटी लांबीने बुजवलेलं भोक. भोकापलीकडे बोटभर कड काळपट, जुन्या गंजाची. त्यापुढे लखलखीत, ताजी फाटलेली.

काळपट म्हणजे जुनी. म्हणजे दुरुस्ती झाली तेव्हाच भेग भोकाच्या पुढे बोटभर गेलेली होती. भोक खऱ्या टोकाच्या अलीकडे पडलं होतं. खालची आधाराची पट्टीही तिथेच संपली होती. दबा धरून बसलेली भेग पहिल्या जोरकस ब्रेकला सुटली.

मागच्या भेगेचं काय? मी तिथला रंग घासला, लाल अस्तर घासलं, उघड्या पत्र्यावर रॉकेल चोळलं, पुसलं आणि खडूची पूड टाकली. वाट पाहिली. तोंडात नाम होतं, मनात मात्र एकच मागणं, नको उमटू.

रेघ उमटली. भोकापासून सुरू होऊन पुढे, बोटभर.

"झाकून ठेव ते."

दादा मागे उभा होता. मी वळले नाही. "हे भोक तू पाडलेलं नाहीस."

"मीच पाडलंय."

"तू पुलाजवळ होतास. तू पत्रा घासून, उघडा करून गेलास. परत आलास तेव्हा वेल्डिंग झालं होतं, अस्तरही लागलं होतं. मला खोटं सांगू नकोस, दादा. तुला जमत नाही ते."

तो स्टुलावर बसला. मोठा माणूस, पण खांदे लहान मुलासारखे हलले.

"संध्याकाळी आलो तर काम तयार," तो म्हणाला. "आप्पा म्हणाले, बाईंना शब्द दिला होता, तुझी वाट बघत कुठे बसू. मी सांधा पाहिला. काय ओळ होती ती! मला वाटलं, हात अजून तसाच आहे. लाल अस्तर पाहून जरा खटकलं, पण म्हटलं, त्यांची मर्जी. खडू टाकून बघितला का, हे विचारायचं होतं. पण आप्पांना? ज्याने मला खडू धरायला शिकवला त्याला मी विचारायचं, की खडू टाकला का म्हणून?"

या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाचं काम दुसरा तपासतो. माझं दादा, दादाचं आप्पा. आप्पांचं कुणी तपासत नाही. कधीच नाही.

"घाई केली त्यांनी," दादा म्हणाला. "एकदा. जन्मात एकदा. त्यासाठी त्यांना हे कळू द्यायचं? झुरून मरतील ते. माझं नाव गेलं तर जाऊ दे. मला दुसरं काही करता येईल."

"तुला दुसरं काही करता येत नाही," मी म्हटलं. "आणि आप्पांनी घाई केलेली नाही. घाईत माणूस पट्टी जोडत बसत नाही. अशी ओळ ओढत नाही."

"मग?"

मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. माझं बोट त्या रेघेवर होतं. मी डोळे मिटले. नख सांध्यावरून सरकवत नेलं, खवले मोजल्यासारखं, भोकापर्यंत. भोक लागलं. त्यापुढे नख फिरवलं. काही नाही. गुळगुळीत पत्रा. पुन्हा फिरवलं. काहीच नाही.

डोळे उघडले. खडूवर रेघ ठसठशीत होती.

डोळे मिटले की भेग भोकाशीच संपत होती.

वर ठेवलेला लाल डबा. पूर्वी तिथे राखाडी असायचा. हात नेहमीच्या जागी गेला, डबा उचलला, रंग बघायचा प्रश्नच नव्हता. पायावर पडलेला चहा. रस्त्यापलीकडून केलेला हात. कधीच न पुसलेल्या काचा, कारण पुसून काही फरक पडत नव्हता.

आणि मी. रोज सकाळी पायरीवर न बोलता बसलेली मी.

"अगं, काय झालं?" दादा म्हणाला. "अशी का बघतेस? बोल ना काहीतरी!"

६

दुसऱ्या सकाळी प्रार्थना संपल्यावर मी हातोड्याला हात लावला नाही. फाटलेल्या पत्र्याचा तुकडा दादाने रात्रीच कापून दिला होता. तो घेऊन मी घराच्या दारात उभी राहिले, उंबऱ्यावर, उजेडाकडे तोंड करून.

आप्पा आतून आले. अंगात पांढरा सदरा, डोळ्यांवर चष्मा. तोंड माझ्याकडे होतं. डोळे माझ्याकडे होते. मी श्वाससुद्धा हळू घेतला.

ते थांबले नाहीत. चाल मंदावली नाही, भुवई हलली नाही. हात नेहमीप्रमाणे दाराच्या चौकटीकडे गेला आणि चौकटीऐवजी माझ्या खांद्यावर पडला.

आप्पा दचकून मागे झाले.

"कोण?" ते म्हणाले. "कोण आहे? दादा?"

बाहेर स्वच्छ ऊन होतं. त्यांच्या पायाच्या नखापासून केसांपर्यंत सगळं मला दिसत होतं, आणि त्यांना त्यांची मुलगी दिसत नव्हती.

"कोण ते?" पुन्हा विचारलं. मग नाकाने श्वास घेतला. "रबराचा वास. तू आहेस." आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की मी का बोलत नव्हते, का उभी होते, काय पाहिलं मी. त्यांचा हात हवेतच राहिला.

"रोज बसतेस का गं तू पायरीवर?" अगदी हळू विचारलं. "अजून बसतेस?"

माझे डोळे वाहत होते. मी हात धरून त्यांना पायरीवर बसवलं. तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट धरलं आणि सांध्याच्या सुरुवातीला टेकवलं. पुढचं त्यांनी स्वतःच केलं. बोट खवल्यांवरून सरकलं; आपला हात त्यांनी ओळखला, ओठ जरा हलले. भोक आलं. बोट तिथे थांबलं. मग पुढे गेलं आणि फाटलेल्या दातांवर पडलं.

बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही. रक्त आलं तरी हललं नाही.

"बोटभर," आप्पा म्हणाले.

त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं.

"टपालबाईंची गाडी?"

मी त्यांचा हात दाबला.

"घसरल्या म्हणाला होता तो." चेहरा एवढा कोरा कधी पाहिला नव्हता. "पाय?"

दाबायचा की नाही, मला कळेना. त्यांना तेवढं पुरलं.

"वर्षभर झालं," ते म्हणाले. "आधी सगळं धुरात दिसायचं. मग धुरातली माणसंही दिसेनाशी झाली. म्हटलं, हाताला सगळं येतं, कुणाला सांगू कशाला? सांगितलं की खुर्चीत बसवतील, हातात रेडिओ देतील. खडू टाकला होता गं मी. रीतीप्रमाणे टाकला. रेघ दिसेना. नखाने बघितलं, नख म्हणालं इथेच संपली. मी नखाचं ऐकलं."

दादा वर्कशॉपच्या दाराशी येऊन उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही. "आप्पा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी सांगितलंय सगळ्यांना, माझ्या हातून झालं म्हणून. तेच राहू द्या. बाईही रागावल्या नाहीत. तुम्ही कशाला..."

"हातमोजे कुठे आहेत तुझे?"

दादाने मागे वळून खिळ्याकडे पाहिलं.

"मला दिसत नाही म्हणून विचारतोय. हातात आहेत का?"

"खिळ्याला."

"घाल. मागची भेग असेल अजून, तीही माझीच. खडू टाक, डोळे उघडे ठेव आणि बोटभर पुढे जा. आणि यापुढे या घरात माझंही काम कुणीतरी तपासायचं. माझी भेग मीच शोधायची, हे काही खरं नाही." आप्पा उठले. चष्मा काढला, मिटला आणि माझ्या हातात दिला, जणू आता त्याचं काम संपलं. "माझे बूट दे, पोरी. दवाखान्यात कुणाचा तरी पाय ठेवायचा की काढायचा ते आज ठरणार आहे, असं फवारा काल चहाला सांगून गेला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं सांगतोय. बाईंनी ते एकटीने ऐकायचं नाही. मी शब्द दिलाय, तुमच्या दारी येईन म्हणून."

मी बूट समोर ठेवले. त्यांनी नाड्या चाचपून बांधल्या. मी मदतीला हात पुढे केला नाही. तो त्यांना दिसला नसता, पण कळला असता.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "माझ्यामुळे नेम मोडायला नको. नुसता खांदा दे. आणि खांदा म्हटल्यावर तोंड पाडू नकोस, त्याला अजून वेळ आहे."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. आधी नुसता टेकला, मग त्यावर भार पडला. अंगण ओलांडून आम्ही फाटकापर्यंत गेलो. आप्पा ताठ चालत होते, सांगायचं वाक्य मनात जुळवत असल्यासारखे. त्यांचे ओठ मला दिसत होते.

मागे वर्कशॉपमध्ये बराच वेळ काही वाजलं नाही. मग ऐरणीवर हातोडा पडला. एकदा. थोड्या वेळाने दुसरा, आणि मग सलग.

"पुढे पायरी आहे, आप्पा," मी म्हटलं.

त्यांनी पाय उचलला, आणि आम्ही रस्त्याला लागलो.